पायजमा हलवू नये

"उघडू नकोस," अक्का म्हणाली, आणि झाकणाकडे निघालेला घड्याळजींचा हात वाटेतच थांबला.

जेवणाच्या टेबलावर चार लहान लाकडी पेट्या मांडलेल्या होत्या आणि चारही पेट्यांतून बारीक गुणगुण येत होती. घड्याळजींची ही थोरली बहीण शहराबाहेरच्या आपल्या फळबागेतून सकाळीच टेम्पोने आली होती, तीन पेट्या मांडीवर आणि एक पायाशी धरून.

"मी कुठे उघडतोय? झाकण नीट बसलंय का, तेवढं बघत होतो."

"झाकण मी बसवलंय. म्हणजे नीटच बसलंय."

घड्याळजींनी हात मागे घेतला. घड्याळदुरुस्तीत त्यांचा हात धरणारं शहरात कोणी नव्हतं, पण अक्कापुढे त्यांची मात्रा चालत नसे. त्याला कारणही तसंच होतं. ते सात वर्षांचे असताना अक्काला शाळेत मनगटी घड्याळ बक्षीस मिळालं होतं. आत काय टिकटिकतं ते बघायला त्यांनी ते उघडलं. उघडलं ते उघडलंच. त्यातून उडालेली एक स्प्रिंग आजतागायत सापडलेली नाही. त्या दिवशी एक घड्याळजी जन्माला आला हे खरं, पण पुढच्या पन्नास वर्षांत अक्काने त्यांच्या हातात स्वतःचं घड्याळ म्हणून कधी दिलं नाही. घरात घड्याळजी असताना सख्खी बहीण आपलं घड्याळ परक्या दुकानात टाकते, ही गोष्ट त्यांना फार लागायची.

म्हणूनच अक्काने आपण होऊन काम सांगितलं तेव्हा ते हरखून गेले होते. तिच्या बागेत मधमाश्यांची एक जुनी वसाहत होती. तिचा स्वभाव इतका गरीब की अक्का बाह्या दुमडून उघड्या हातांनी पेटीत काम करायची. त्या वसाहतीची म्हातारी राणी गेली आणि मागे चार लेकी राहिल्या, त्याही अजून कोषातच. अशा लेकींना मोठी पेटी लागत नाही. एकेका लहान पेटीत एकेक कोष, सोबत ओंजळभर कामकरी माश्या आणि थोडा साखरेचा गोळा, एवढा संसार पुरतो. राणी बाहेर येते, पाच-सहा दिवसांनी आपलं घर बाहेरून बघून ठेवते, मग एखाद्या शांत उन्हाच्या दुपारी उंच उडून नरांना भेटते आणि परत येते. पुढे जन्मभर अंडी घालते. पण अक्काच्या बागेत यंदा वेड्या राघूंचे थवे उतरले होते. नाव वेडा राघू, पण जेवणाच्या बाबतीत त्याच्याइतका शहाणा पक्षी नाही. उडालेली राणी त्याने टिपलीच असती. म्हणून लेकींची रवानगी शहरात, भावाच्या इमारतीच्या गच्चीवर.

पेट्या निवडण्यावरून आधीच्या भेटीत बागेतच भावाबहिणीचं वाजलं होतं. घड्याळजींना आवडली ती वीतभर लांबीची, कडा गोल घासलेली, अगदी घड्याळाच्या डबीसारखी पेटी.

"ही दिसायला गोड आहे," अक्का म्हणाली होती, "पण माश्या कमी बसतात. उन्हात लगेच तापते, थंडीत लगेच गारठते. तीन चौकटींची घे, जरा ऐसपैस."

"ती खोक्यासारखी दिसते गं."

"तुला संसार थाटायचाय का शोकेस?"

शेवटी तडजोड झाली. तीन गोड पेट्या त्यांच्या पसंतीच्या, एक खोकं अक्काच्या. आज बागेकडे परत निघताना अक्काने दारात उभं राहून पुन्हा बजावलं, "हलवायचं नाही. उघडायचं नाही. आजूबाजूचं काही बदलायचं नाही. राणी चुकली तर परत येत नाही, आणि दुसऱ्याच्या पेटीत शिरली तर जिवंत बाहेर येत नाही. हे वाण गेलं की गेलं. माझ्याकडे दुसरं नाही."

"अक्का, तू निर्धास्त राहा."

"निर्धास्त राहिले असते तर चार वेळा सांगितलं असतं का?"

आता अडचण अशी की गच्चीवर इमारतीच्या सेक्रेटरींची पाटी होती: 'गच्चीवर प्राणी, पक्षी व तत्सम जीव ठेवण्यास सक्त मनाई.' सेक्रेटरी म्हणजे कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि तोंडात 'नियम म्हणजे नियम'. माशी ही 'तत्सम जीव' ठरते की नाही, हे त्यांना विचारायची हिंमत घड्याळजींना झाली नाही. त्यांनी पेट्या पाण्याच्या टाकीमागे, सहसा कोणी फिरकत नाही अशा कोपऱ्यात, विटांवर मांडल्या. तिसऱ्याच दिवशी सेक्रेटरी तिथे उभे.

"ह्या पेट्या कसल्या?"

"घड्याळांच्या आहेत. पॉलिश वाळत घातलंय."

सेक्रेटरींनी वाकून कान लावला. "आवाज येतोय."

"आत घड्याळं चालू आहेत ना."

"टिकटिक नाही येत. गुणगुण येतेय."

"नवीन पद्धतीची आहेत," घड्याळजी म्हणाले. "टिकटिकीचा त्रास होतो लोकांना."

"बरंय," सेक्रेटरी म्हणाले. "शांतता असावी." जाता जाता त्यांनी कानाजवळची एक माशी झटकली. गच्चीवर कुंड्या आहेत, तेव्हा माश्या यायच्याच, असं त्यांना वाटलं असावं.

त्यानंतरचा आठवडा घड्याळजींनी कसा काढला ते न सांगितलेलं बरं, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. पहिल्या गोड पेटीचं झाकण त्यांनी फक्त एकदाच उघडलं. म्हणजे दिवसातून एकदाच, असं पाच दिवस. सहाव्या दिवशी त्या पेटीतल्या माश्यांनी राणीला घेऊन घर सोडलं. दुसरीला मुंग्या लागल्या, कारण विटांभोवती पाणी ठेवायचं ते विसरले होते. तिसरी उन्हात तापली आणि कोष उघडलाच नाही. उरलं ते अक्काचं खोकं. त्यातला कोष उघडला होता, आत एक राणी होती, आणि अक्काच्या वाणातली ती आता एकटीच शिल्लक होती.

"अक्काला सांगितलंत?" त्यांच्या बायकोने विचारलं. इमारतीत सगळे तिला वहिनी म्हणत.

"चौथीचं नीट झालं की चारही एकदम सांगतो."

"छान. म्हणजे तीन शिव्या एका शाबासकीत गुंडाळून."

सोमवारी दुपारी घड्याळजी टाकीमागे स्टुलावर बसले होते. हात त्यांनी मुद्दाम खिशात घातले होते. इतक्यात पेटीच्या दारातून लांबट अंगाची राणी बाहेर आली, उडाली आणि उलट वळून पेटीकडे तोंड करून हवेत झुलू लागली. डावीकडे, उजवीकडे, जरा मागे. घर पाठ करत होती. घड्याळजींचा जीव सुपाएवढा झाला. एवढ्यात त्यांचं लक्ष वर गेलं. पेटीच्या अगदी वर, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या शेवटच्या टोकाला, एक पायजमा लटकत होता. निळे-पिवळे पट्टे, प्रत्येक पट्टा चार बोटं रुंद. राणी पेटी बघत होती आणि पायजमाही बघत होती. नीट न्याहाळून ती आत गेली, आणि घड्याळजींनी जिन्यातच फोन लावला.

"पायजमा?" अक्का म्हणाली. "निळा-पिवळा? मग संपलं. त्यांना हेच रंग ठळक दिसतात. तो पायजमा तिच्या घराची खूण झाला. ती भेटीला जाऊन येईपर्यंत तो तिथून हलता कामा नये."

"तो माझा नाहीये गं."

"ज्याचा आहे त्याला सांग की."

"ज्याचा आहे त्यानेच तर मनाईची पाटी लावलीये. सकाळी चोरून वाळत घालताना पाहिलं मी."

"बाकीच्या तिघी ठीक ना?" अक्काने विचारलं.

"अक्का, आवाज कट होतोय," घड्याळजी म्हणाले आणि फोन ठेवला.

पायजमा सेक्रेटरींचा होता. दिवसभर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत वावरणाऱ्या या माणसाला परदेशातल्या नातीने तो पाठवला होता. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ती "आजोबा, घातलात?" म्हणून विचारायची. नात म्हणजे जीव की प्राण, त्यामुळे ते घालत. पण चारचौघांत तो दिसू नये म्हणून वाळत घालायला त्यांनी टाकीमागचा कोपरा शोधला होता. लपवण्यासारखं काही असलेल्या दोन माणसांना एकच कोपरा सापडला, एवढंच काय ते झालं.

वाळलेला पायजमा सेक्रेटरी नेणार. ओला पायजमा नेणार नाहीत. एवढा हिशेब घड्याळजींना सुचला आणि त्यांनी झारी भरली. संध्याकाळी सेक्रेटरी वर आले, त्यांनी पायजमा चाचपला.

"अजून ओला? ऊन तर रणरणत होतं."

"कापड जाड आहे हो. परदेशी."

मंगळवारी सोसाट्याचा वारा होता. वाऱ्यात राणी उडत नाही, पण कपडे मात्र तासाभरात वाळतात. गच्चीवरच्या सगळ्या चादरी खडखडीत झाल्या. पायजम्यातून पाणी टपकत होतं. बुधवारीही वारा, बुधवारीही तेच. सेक्रेटरींचे डोळे लाल झाले होते. दुसऱ्या कुठल्याही पायजम्यात आता त्यांना झोप येईना, आणि नात तिकडून विचारत होती, "आजोबा, तुम्हाला आवडला नाही का?"

"ह्यात काहीतरी पाणी मुरतंय," सेक्रेटरी म्हणाले, आणि घड्याळजींनी पायाने झारी स्टुलाखाली सरकवली. "वरून गळतंय. टाकी फुटलीये!"

"टाकी? छे, टाकी कशी फुटेल?"

"मग पाणी येतं कुठून? तुम्ही रोज इथे बसता. तुम्ही पाहिलंत काही?"

आता काय सांगणार? "हो," घड्याळजी म्हणाले, "टपकल्यासारखं वाटतं खरं अधूनमधून."

बुधवारी संध्याकाळी प्लंबर आला. 'गळती नाही' असं सांगणारा प्लंबर अजून जन्मायचाय. त्याने टाकीवर तीनदा टकटक केली आणि मान हलवली. "आहे. नक्की आहे. कुठे ते बघायला टाकी रिकामी करायला लागेल."

गुरुवारी सकाळी सव्वीस घरांचं पाणी बंद झालं. जिन्यात बादल्यांची वर्दळ सुरू झाली, आणि प्रत्येक मजल्यावर सेक्रेटरींचा उद्धार चालला होता. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या शेवटच्या कळशीवर हात ठेवला.

"ह्याला झारी लावायची नाही," त्या म्हणाल्या. "एका राणीसाठी सव्वीस घरांची तोंडं कोरडी केलीत तेवढं पुरे."

"अगं, पण आज वारा पडलाय! ऊन आहे! ती आजच जाणार!"

"मग देवाचं नाव घ्या. पाणी मिळायचं नाही."

आपणच पेरलेल्या थापेने आपलंच पाणी तोडलं, हे घड्याळजींच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. दुपारी एकपर्यंत पायजमा कडकडीत वाळला. दोनला राणी पेटीच्या दारात आली, इकडेतिकडे फिरली आणि सरळ वर, निळ्या आभाळात दिसेनाशी झाली. घड्याळजी मान वर करून बघत राहिले. डोळ्यांत पाणी यायला लागलं तशी त्यांनी मान खाली घातली, आणि त्यांना दिसली ती नुसती दोरी. सेक्रेटरी मागून येऊन पायजमा घेऊन गेले होते.

घड्याळजींची पाचावर धारण बसली. ते एकेक मजला उतरले की घसरले, त्यांनाच कळलं नाही. त्यांनी सेक्रेटरींची घंटा दाबली ती दाबूनच धरली. दार उघडलं. समोर सेक्रेटरी, चार दिवसांनी डुलकी काढायच्या बेतात, अंगात बनियन आणि निळा-पिवळा पायजमा.

"साहेब," घड्याळजी धापा टाकत म्हणाले, "पायजमा काढा."

सेक्रेटरींनी नाडी घट्ट धरली. "काय?"

"काढा, नाहीतर घालून तसेच वर चला. पण लवकर! ती परत यायच्या आत!"

"कोण ती?"

मग घड्याळजींनी सगळं ओकून टाकलं. पेट्या, माश्या, थापा, झारी, टाकी. अक्काचं वाणसुद्धा सांगितलं. "एकटीच उरलीये हो. घर सोडून गेलीये, आणि घराची खूण तुमच्या अंगात आहे. ती तिथे येऊन घिरट्या घालेल आणि तिला घर सापडायचं नाही. मला माफ करू नका हवं तर, मला इमारतीतून काढा, पण आधी वर चला."

सेक्रेटरींचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. तोंड उघडलं. 'नियम म्हणजे नियम' बाहेर पडणार एवढ्यात ते थांबले.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "ती मला ओळखते?"

"तुमच्या पायजम्याला."

"एकच ते," सेक्रेटरी म्हणाले आणि बनियनवरच जिना चढू लागले.

पायजमा दोरीवर ज्या उंचीला होता त्याच उंचीला यायला हवा होता. घड्याळजींनी पेटीमागे स्टूल ठेवलं. सेक्रेटरी वर चढले.

"जरा डावीकडे. पाय थोडे फाकवा. असा लटकल्यासारखा चेहरा करा."

"चेहऱ्याचा काय संबंध?"

"नाही तसा. पण हलू नका."

याच वेळी पाण्यासाठी चिडलेली अर्धी इमारत तक्रार घेऊन गच्चीवर आली. पुढे तिसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या बाई, मागे वहिनी, त्यांच्यामागे बादल्या. सगळे टाकीला वळसा घालून आले आणि जागच्या जागी उभे राहिले. समोर स्टुलावर, उन्हात, निळ्या-पिवळ्या पट्ट्यांत, हात बाजूला सोडून, सेक्रेटरी खांबासारखे उभे होते.

"साहेब," गणिताच्या बाईंनी हळूच विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

"कामात आहे," सेक्रेटरी ओठ न हलवता म्हणाले. "पुढे येऊ नका. एक महिला यायची आहे."

कोणी हसलं नाही. हसू इतकं मोठं होतं की ते गळ्यातच अडकलं. टाकीच्या आतही ऐकू जाईल अशा कुजबुजीत घड्याळजींनी सगळ्यांना राणीचं सांगितलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. घड्याळजींनी आयुष्यभर इतरांची मिनिटं दुरुस्त केली होती, पण एवढं लांब मिनिट त्यांच्या टेबलावर कधी आलं नव्हतं. सेक्रेटरींच्या नाकावर घामाचा थेंब जमला आणि टोकाशी येऊन थरथरला. त्यांनी तो पुसला नाही.

"आली!" वरून आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या. टाकीतून प्लंबरचं डोकं बाहेर आलं होतं. "ती बघा! लांबडी! खाली येतेय!"

राणी आली. हवेत झुलली. डावीकडे, उजवीकडे. मग सरळ येऊन सेक्रेटरींच्या उजव्या गुडघ्यावर, एका पिवळ्या पट्ट्यावर बसली. सेक्रेटरींनी फक्त डोळे खाली वळवले आणि इतक्या मऊ आवाजात बोलले की तो त्यांचाच आहे यावर कोणाचा विश्वास बसेना. "ये बाळा. हेच घर."

राणी उडाली, पेटीच्या दारात उतरली आणि आत गेली. दारातल्या माश्या पंख फडफडवायला लागल्या. गच्चीवर असा जल्लोष झाला की खालच्या रस्त्यावरची माणसं वर बघू लागली. गणिताच्या बाईंनी बादली वाजवली, आणि घड्याळजींनी आनंदाच्या भरात स्टुलावरच्या सेक्रेटरींच्या पायांना मिठी मारली.

"आणि टाकीला खरंच चीर आहे बरं का," प्लंबर वरून म्हणाला. "तळाशी, हातभर. महिनाभरात फुटलीच असती." त्यामुळे संध्याकाळपर्यंत इमारतीत घड्याळजींचं नाव दूरदर्शी माणूस म्हणून झालं. पाणी आल्यावर वहिनींनी मात्र भरलेली झारी आणून नवऱ्यासमोर ठेवली आणि कुंड्यांकडे बोट दाखवलं.

आठ दिवसांनी अक्का आली. घड्याळजींनी खालीच, टेम्पोपाशी, तीन पेट्यांचं सांगून टाकलं. अक्का ऐकून घेत वर आली. टाकीमागे सेक्रेटरी छत्री लावून खुर्चीवर बसले होते, आणि पेटीमागच्या भिंतीवर नवी पाटी होती: 'या पेटीस हात लावण्यास सक्त मनाई. विशेषतः घड्याळजींना.'

"आठ दिवस एकदाही उघडू दिली नाही मला," घड्याळजी कुरकुरले.

"पाच वेळा प्रयत्न केला यांनी," सेक्रेटरी अक्काला म्हणाले. "नोंद आहे माझ्याकडे."

अक्काने बाह्या दुमडल्या आणि झाकण काढलं. एकही माशी अंगावर आली नाही. मधली चौकट तिने उन्हाकडे धरली. पोळ्यातल्या प्रत्येक घराच्या तळाशी एकेक अंडं उभं होतं, सुईच्या टोकाएवढं. अक्का बराच वेळ बघत राहिली. मग चौकट परत ठेवली, झाकण लावलं, आणि पदराने डोळे पुसले ते ऊन लागल्यासारखं दाखवत.

"आईवर गेलीये," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात हिच्या चार लेकी आणते. चारही ऐसपैस पेट्यांत. पण चार पेट्यांना चार खुणा लागतील."

"पहिली पेटी माझी," सेक्रेटरी घाईघाईने म्हणाले. "बाकीच्यांनी काय हवं ते वाळत घालावं. नातीलाही कळवलंय. ती हिरवा पाठवत होती, मी सांगितलं निळाच पाठव."

घड्याळजी हसत होते, पण त्यांचं लक्ष अक्काकडे होतं. तिने पेटीवरचा हात उचलला, दुसऱ्या हाताने मनगटावरचा पट्टा सोडला आणि घड्याळ भावाच्या तळहातावर ठेवलं.

"रोज दहा मिनिटं मागे पडतंय," ती म्हणाली. "बघ जरा."

घड्याळजींनी घड्याळ हातात धरलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्यांना बंद झाकणाला हात लावायची भीती वाटली. त्यांनी अक्काकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग सेक्रेटरींकडे.

सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि मान हलवली.

"उघडा," ते म्हणाले. "परवानगी आहे."